सोसायटी ग्रुप: पाडव्याला पुरी-श्रीखंडाऐवजी काय?

बी-३०४: मंडळी, पाडव्याच्या संध्याकाळच्या जेवणाचं आजच ठरवूया. पुरी-भाजी-श्रीखंड यंदा नको, असं माझं स्पष्ट मत. मागच्या वर्षी शेवटचा घाणा निघेपर्यंत पहिल्या पुऱ्या चामट झाल्या होत्या आणि तळणाऱ्या चौघी सगळ्यांच्या मागून जेवल्या. श्रीखंडात चक्क्याच्या जवळजवळ बरोबरीने साखर. आपल्याकडचे शुगरवाले आजी-आजोबा वाटी बाजूला सारून बसतात, ते बघवत नाही मला.

ए-१०२: पुरणपोळी?

बी-३०४: होळीला घरोघरी झालेली असते काका. आणि साठ जणांच्या पोळ्या लाटणार कोण?

ए-७०१: पनीर आणि पुलाव बाहेरून मागवू, कोणालाच त्रास नाही.

सी-२०५: अरे, पनीर बाराही महिने मिळतं. चैत्रात जे येतं ते खावं ना! जांभळी नाक्याला कोवळे फणस आलेत. फणसाची भाजी करा.

ए-७०१: काकू, पण तो चीक?

सी-२०५: विळीला आणि हाताला आधी खोबरेल चोळायचं. कापल्यावर चीक निथळतो तो कागदाने पुसून घ्यायचा, पाणी लावायचं नाही, पाण्याने तो जास्तच चिकटतो. मग उकडून ठेचायचा. मोहरी-सुक्या मिरचीची फोडणी, वरून भरपूर ओलं खोबरं. कांदा-लसूण काही लागत नाही.

बी-३०४: फणस नक्की. पण मुख्य पदार्थ म्हणून मला वालाचं बिरडं हवं. गरम केलं की पुन्हा तसंच्या तसं, उलट मुरून जास्त छान लागतं. पुरीसारखं कोणाला कढईपाशी अडकून राहावं लागत नाही. साठ जणांना ३ किलो कडवे वाल पुरतील.

ए-५०३: वहिनी, सोलायचे किती ते! सकाळी कोपिनेश्वरच्या स्वागतयात्रेला निम्मी सोसायटी जाणार. परत येईपर्यंत दुपार होते.

बी-३०४: म्हणून तर आदल्या दिवशी सोलायचे. दोन दिवस आधी सकाळी भिजत घालायचे, रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोंब येतात. कोमट पाण्यात टाकले की साल सैल होते. टोकाला चिमटीत दाबलं की दाणा पुढून सुळकन निसटतो. परातीभोवती दहा जण बसले तर तास-दीड तासात होईल. मुलांनाही बसवा, त्यांना हे काम फार आवडतं.

डी-४०१: सगळं छान आहे, फक्त एक सांगतो. आम्ही मोड आलेलं खात नाही आणि सूर्यास्तानंतर जेवत नाही. मागच्या वर्षी पंगत साडेआठला बसली, आम्ही नुसतं भेटून घरी गेलो.

बी-३०४: अरेरे, दादा! हे माझ्या लक्षातच आलं नाही, मनापासून माफ करा. पदार्थांवर इतकं बोलले आणि वेळेचा विचारच केला नाही. त्या दिवसांत सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होतो. पहिली पंगत साडेपाचला बसवू. तोंडलीचा मसालेभात आणि टोमॅटोचं सार, दोन्हीत बटाटा-कांदा-लसूण नाही. भांडी वेगळी ठेवू. चालेल?

डी-४०१: चालेल काय, धावेल! आई फार खूश होईल. तोंडली आमच्याकडून.

ए-१०२: मुलांसाठी गोड काहीतरी ठेवा हो. सणाचा दिवस आहे.

बी-३०४: ठेवू काका. सी-२०५ काकूंची शेवयांची खीर, साखर बेताची. आणि प्रसादाला कडुलिंब, गूळ, चण्याची डाळ, ओवा, जिरं, हिंग वाटून. तो प्रत्येकाच्या पानात पडलाच पाहिजे.

सी-२०५: खीर माझ्याकडे लागली. फणस कापायला मात्र मला दोन हात हवेत.

ए-७०१: मी येतो काकू. खोबरेलही आणतो.

बी-३०४: वाल उद्या मी घेऊन येते. ज्यांच्याकडे मोठी परात आणि सुती फडकं असेल त्यांनी फ्लॅट नंबर टाका. बिरड्याला नारळाचं दूध लागेल, मोठे नारळ दहा. कोण देतंय?

ए-५०३: ए-५०३, दोन नारळ आणि परात.

डी-४०१: चार आमचे.