रिव्ह्यू फॉर्मवर सही करू की नको? (बेळगाव, उद्यमबाग)

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागंल पण वाचा.

उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला हाय मी. नाव सांगत नाही, तिसऱ्या गेटाच्या पुढं सगळे एकमेकांना ओळखतात. बाहेरच्या फाउंड्रीतनं कास्टिंग (ओतलेला माल) येतं, आमच्याकडं सीएनसी मशीनवर बोअरिंग, म्हणजे आतलं भोक मापात कापायचं काम होतं आणि मी बोअर गेज लावून भोकाचं माप बघून रिपोर्ट भरतो. यंदाच्या रिव्ह्यूत मला सगळ्यात खालचं रेटिंग दिलंय, कारण काय तर कस्टमर रिजेक्शन वाढलं, तपासणीत दुर्लक्ष. आता खरं काय ते ऐका. त्या हाउसिंगच्या लॉटला बोअर मारल्यावर आत ब्लोहोल (धातूतली बारीक पोकळ भोकं) दिसालते, टाचणीचं टोक आत जाईल असले, माप सगळं बरोबर पण माल सच्छिद्र. मी रिपोर्टवर लाल पेनानं होल्ड, म्हणजे माल पाठवू नका असं लिहिलं, टॅग बांधला. संध्याकाळी साहेबांचा फोन, गाडी थांबलीय, लोड करा. लेखी कायबी नाही, नुस्ता फोन. मग माल परत आला, कस्टमरची पैसे कापल्याची डेबिट नोट आली आणि ते सगळं माझ्या नावावर.

आता एचआर मॅडम सही करा म्हणून मागं लागल्यात. फॉर्म्यालिटी हाय म्हणे. आणि हळूच हेपण सांगितलं की पीआयपीत (काम सुधारायला मुदत देऊन लक्ष ठेवतात ते) जाण्यापेक्षा स्वतःहून राजीनामा द्या, एक्स्पिरिअन्स लेटर चांगलं देतो. फॉर्म इंग्रजीत, मॅडम बोलालत्या कन्नडात आणि मी विचारतोय मराठीत, चालायचंच :) दिवाळीच्या पुढं मला पाच वर्षं पूर्ण होतील. घरी अजून सांगितलं नाही. सही केली म्हणजे मान्य केलं असं होतं काय ओ? लेबर ऑफिसला जाऊ काय?

फाउंड्रीवाले काका:
राजीनामा अजिबात देऊ नको बाबा, पयलं ते डोक्यातनं काढ. पाच वर्षं भरायला थोडं राहिलंय म्हणतोस, ग्रॅच्युइटी तितंच अडकलीय. शेवटचा बेसिक अधिक डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं, कर हिशोब. पाच वर्षं भरल्यावर तू सोडलास तरी ती मिळते, आधी सोडलास तर हात हलवत घरी. आता हेच लोक घाई का करालेत ते तूच समज.

सही कर, पण सहीच्या वर आपल्या हातानं लिही की फॉर्म मिळाला, मजकूर मान्य नाही, आणि तारीख घाल. लिहायला देत नसतील तर सही न करता त्याच दिवशी मेल टाक. मेलमध्ये रडगाणं नको. लॉट नंबर, रिपोर्टची तारीख, होल्ड लिहिलेलं, फोन किती वाजता आला, एवढंच. आणि शेवटी विचार, या होल्डवर डिस्पॅचची परवानगी कुणी दिली. ब्लोहोल हा ओतकामाचा दोष हाय, गॅस अडकून होतो, तू गेज फिरवून तो येत नाही नि जात नाही. हे उद्यमबागेतलं शेंबडं पोर सांगंल.

एक लेबर-केसवाला:
काकांचं बरोबर. नुस्तं रेटिंग वाईट दिलं म्हणून लेबर ऑफिसला जाऊन विशेष हाती लागत नाही, काढून टाकलं तर गोष्ट वेगळी. २१ नोव्हेंबर २०२५ पासनं जुन्या १९४७ च्या कायद्याच्या जागी इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड लागू झालाय. त्यात टेक्निकल काम करणारापण वर्कर धरतात, मात्र मॅनेजर लोक आणि १८,००० च्या वर पगार असलेले सुपरवायझर बाहेर. लेटरवर इंजिनिअर लिहिलंय की एक्झिक्युटिव्ह, त्यापेक्षा तू दिवसभर प्रत्यक्ष काय करतोस ते बघतात. काढलंच तर दोन वर्षांच्या आत दाद मागायला लागते, त्यामुळं रागावून घरी बसू नको.

आणि एक, कंपनीची ड्रॉइंग, कस्टमरचे पेपर स्वतःच्या मेलवर पाठवू नको, त्यावरच कारवाई करतील. स्वतःची डायरी ठेव, अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या स्लिपा, जुने चांगले रिव्ह्यू घरी ठेव. पीआयपी दिली तर टार्गेट आकड्यात माग. "सुधारणा दाखवा" म्हणजे काय, ते लेखी विचार. मीटिंग झाली की संध्याकाळी दोन ओळींचा मेल, आज असं असं ठरलं म्हणून.

प्रश्नकर्ता:
लई उपकार काका, तुमचेपण साहेब. होल्डचा रिपोर्ट अजून फाइलला हाय, सकाळीच बघितला. पण त्यावर साहेबांची सही नाही, नुस्ती माझीच. चालतंय काय?

फाउंड्रीवाले काका:
चालतंय की! तुझी सही आणि तारीख हाय ना, बास. तो टॅग लावताना स्टोअरवाल्यानं रजिस्टरला एंट्री मारली होती काय, तेवढं बघून सांग.