टोकियो महापालिका १९४३ साली मोडली: बरं झालं की वाईट?

जुनी_पेठ (धागा सुरू करणारा)

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी 'टोकियोचे महापौर' असं लिहिलं होतं. असं पदच नाही, एवढंच मी म्हणालो, तर 'कीस पाडू नका' अशी समज मिळाली. तिथे विषयांतर नको म्हणून इथे पाडतो.

टोकियोला गव्हर्नर आहे आणि २३ वॉर्डांना (जपानीत 'कु') प्रत्येकी एक निवडून आलेला प्रमुख आहे. मधली जी पायरी, म्हणजे शहराची महापालिका, तीच नाही. १८८९ ते १९४३ अशी ५४ वर्षं होती. १ जुलै १९४३ ला पंतप्रधान तोजो यांच्या सरकारने टोकियो प्रांत आणि टोकियो महापालिका दोन्ही मोडून एकच 'तोक्यो-तो' केलं आणि वर दिल्लीहून पाठवावा तसा सरकारी प्रशासक बसवला. पहिले प्रशासक ओदाची शिगेओ. हे गृहस्थ त्याआधी कुठे होते? जपानने जिंकलेल्या सिंगापूरचे महापौर! युद्धकाळात उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती उपाशी ठेवून मारले गेले, तो हिंस्र प्राणी संपवण्याचा हुकूमही यांचाच. (१९४९ मध्ये नेहरूंनी 'इंदिरा' हत्तीण पाठवली, ती त्या रिकाम्या जागी.)

माझं मत सरळ आहे. महापालिका मोडणं ही युद्धाच्या गडबडीत केलेली चोरी होती. युद्ध संपलं, राज्यघटना बदलली, गव्हर्नर निवडून यायला लागला, पण चोरलेली वस्तू परत मिळाली नाही.

त्यात गंमत अशी. १८८९ मध्ये टोकियो, ओसाका आणि क्योतो या तीन शहरांना 'महत्त्वाची' म्हणून मुद्दाम महापौर दिला नव्हता. सरकारने नेमलेला प्रांताचा गव्हर्नरच महापौर. आपल्याकडच्या भाषेत, कलेक्टरच नगराध्यक्ष. नऊ वर्षं भांडून १ ऑक्टोबर १८९८ ला हा खास कायदा गेला आणि शहराचं स्वतःचं कार्यालय उघडलं. आज तोक्यो-तो १ ऑक्टोबर हा 'नागरिक दिन' म्हणून साजरा करतं. ज्या संस्थेला गिळलं, तिच्याच सुटकेच्या दिवशी वाढदिवस!

---

निशिकासाईकर

जुनी_पेठ, इतिहास बरोबर, निष्कर्ष चूक. मी एदोगावा वॉर्डात बारा वर्षं राहतोय, म्हणून रोजच्या अनुभवावरून सांगतो.

इथे पत्ता बदलला की १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसला, म्हणजे 'कुयाकुशो'ला, जाऊन नोंद करायची. मी आधी कोतो वॉर्डात होतो. अंतर किती, तर मेट्रोची दोन-तीन स्टेशनं. तरी कोतोकडून 'निघालो' असा दाखला आणि एदोगावाकडे 'आलो' अशी नोंद, दोन्ही करावं लागलं, कारण कायद्याने ती दोन वेगळी गावं. कचऱ्याचं पत्रक नवं. जुनं कपाट टाकायला जे स्टिकर विकत घेऊन चिकटवायचं, तेही या वॉर्डाचं वेगळं. सुरुवातीला वैताग आला होता. पण आरोग्य विमा, मुलीची शाळा, लसीकरण या सगळ्यासाठी जो माणूस समोर बसतो तो सात लाख लोकांच्या गावाचा असतो. ९७ लाखांच्या शहराचा नसतो.

आणि २०१९ विसरलात का? योगेंद्र पुराणिक, अंबरनाथला जन्मलेला माणूस, एदोगावाच्या वॉर्डसभेवर निवडून आला. साडेसहा हजारांच्या आसपास मतं पडली. वॉर्डसभा होती म्हणून तेवढी पुरली. पुढे ते २०२१ मध्ये तोक्यो-तोच्या सभेसाठी उभे राहिले तेव्हा जमलं नाही. तुमची जुनी महापालिका असती तर सात लाखांतून चार-पाच जागा, आणि त्याही पक्षांच्या ठरलेल्या लोकांना. 

---

फणसगरे

महापालिकेचं एवढं सोवळं नको हो. १९०१ मध्ये नगरसभेतले बडे पुढारी होशी तोरू यांना महापालिकेच्या इमारतीतच एकाने भोसकून मारलं. मारणाऱ्याचं म्हणणं, हा माणूस भ्रष्टाचारी. १९२० च्या दशकात केइसेई रेल्वेला शहरात शिरायचं होतं, त्या परवानगीपायी नगरसेवकांनी पैसे खाल्ल्याचं प्रकरण इतकं गाजलं की १९२८ मध्ये गृहमंत्रालयाने अख्खी सभा बरखास्त केली. आणि १९४२ ला जे शेवटचे महापौर झाले ते लष्करातले जनरल. चोरी झाली म्हणता, पण घरात उरलं काय होतं?

---

जुनी_पेठ

@फणसगरे : म्हणजे घरात उंदीर झाले म्हणून घर पाडायचं का? गोतो शिम्पेईही त्याच महापालिकेचे महापौर होते (१९२० ते १९२३). एवढ्या मोठ्या योजना मांडायचे की लोक त्यांना 'मोठं फुरोशिकी' म्हणायचे. फुरोशिकी म्हणजे सामान बांधायचं फडकं. आपण बाता मारणं म्हणतो ते. १९२२ मध्ये त्यांनी अमेरिकेहून इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांना शहराचा कारभार तपासायला बोलावलं. पुढच्या वर्षी १ सप्टेंबरला भूकंप झाला, शहर जळालं.

@निशिकासाईकर : तुमचा वॉर्ड मुळात आला कुठून, ते बघा. १८७८ ला ठरलेले वॉर्ड १५: कोजिमाची, कांदा, निहोनबाशी, क्योबाशी, शिबा, आझाबु, आकासाका, योत्सुया, उशिगोमे, कोइशिकावा, होंगो, शिताया, आसाकुसा, होंजो, फुकागावा. एदोगावा त्यात नाही. १ ऑक्टोबर १९३२ ला भोवतालचे पाच तालुके, ८२ गावं शहरात घेऊन २० नवे वॉर्ड केले, त्यातला तो एक. एकूण ३५ वॉर्ड, वस्ती ५० लाखांच्या घरात, न्यूयॉर्कच्या खालोखाल जगात दुसरं. ही नकाशावर रेघ कुणी ओढली? महापालिकेने. आईला नाकारून मुलगी मोठी झाली, असं चाललंय.

---

आडवा_प्रश्न

दोघांचंही थोडं चुकतंय, कारण दोघे १९५२ ते १९७५ सोडून बोलताय.

१९४७ मध्ये दोन गोष्टी झाल्या. पहिली, ३५ चे २२ वॉर्ड झाले. बॉम्बहल्ले आणि स्थलांतर यामुळे १९४० च्या ६७ लाख वस्तीची १९४५ मध्ये २७-२८ लाख उरली होती. काही वॉर्डांत माणसंच नव्हती, मग जोडाजोड केली. ओमोरी आणि कामाता जोडून 'ओता'. दादर-परळचं 'दारळ' करावं तसलं हे नाव, पण टिकलं. ऑगस्टमध्ये इताबाशीतून नेरिमा फुटला आणि २३ झाले. दुसरी गोष्ट, नव्या कायद्याने वॉर्डप्रमुख थेट निवडून यायला लागले.

आणि १९५२ मध्ये ते काढून घेतलं! वॉर्डसभेने गव्हर्नरच्या संमतीने प्रमुख निवडायचा, असा नियम आला. साहजिकच पैसे फिरले. शिबुया वॉर्डात प्रमुख निवडताना लाच दिल्या-घेतल्याचा खटला उभा राहिला, तेव्हा आरोपींचा बचाव ऐकण्यासारखा होता. राज्यघटनेच्या ९३व्या कलमात म्हटलंय की स्थानिक संस्थेचा प्रमुख लोकांनीच निवडायचा. मग सभेने निवडायचा हा कायदाच अवैध, निवडणं हे आमचं काम नव्हतंच, आणि जे काम नव्हतं त्याची लाच कसली? खालच्या कोर्टाने हे मान्य केलं. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये उलटवलं. का? तर म्हणे, विशेष वॉर्ड (कायद्यात या २३ वॉर्डांना हेच नाव) ही घटनेच्या अर्थाने स्थानिक स्वराज्य संस्थाच नाही.

निशिकासाईकर, तुमच्या 'गावा'बद्दलचा हा निकाल आहे. थेट निवड १९७५ मध्ये परत मिळाली, तीही शिनागावा वॉर्डाने १९७२ मध्ये आपल्या पातळीवर मतदान घेऊन कोंडी फोडली म्हणून. 'मूलभूत स्थानिक संस्था' हा दर्जा २००० साली. म्हणजे जन्म १९४७ चा आणि सज्ञान झालं ५३व्या वर्षी.

---

ताकभात

धागा छान चाललाय. एक भाबडा प्रश्न: एवढ्या मोठ्या शहराचे २३ तुकडे असतील तर कचरा, पाणी यांचं काय? भांडणं होत नाहीत?

---

निशिकासाईकर

@ताकभात, पाणी, गटार, अग्निशमन तोक्यो-तोकडे. कचरा २००० पासून वॉर्डांकडे. आणि भांडणाचं म्हणाल तर झालंय, आणि कसलं!

आधीच्या काळात सगळ्या शहराचा कचरा ट्रकांतून कोतो वॉर्डातून जायचा आणि समुद्रात भर घालायला ओतायचे. एका भरावाचं नाव 'युमे नो शिमा', म्हणजे स्वप्नांचं बेट. १९६५ च्या उन्हाळ्यात तिथून एवढ्या माशा उठल्या की कोतोतल्या शाळांत डबा उघडायची सोय नव्हती. शेवटी बेटावर आग लावावी लागली. ठरलं असं की प्रत्येकाने आपापल्या हद्दीत जाळण्याचा कारखाना उभारायचा. सुगिनामी हा पश्चिमेकडचा, बागांचा, चांगल्या घरांचा वॉर्ड. तिथल्या लोकांनी ताकाइदोचा कारखाना अडवून धरला. १९७१ मध्ये गव्हर्नर मिनोबे यांनी 'कचरायुद्ध' जाहीर केलं. कोतोचं म्हणणं, तुमचा कचरा तुम्हाला नको, मग आमच्या दारातून का? त्यांचे वॉर्डप्रमुख आणि सभासद स्वतः रस्त्यात उभे राहिले आणि सुगिनामीचे ट्रक परत पाठवले. १९७४ मध्ये तडजोड झाली, कारखाना आला.

एक महापालिका असती तर कोतोची बाजू घ्यायला कोण होतं? बहुमत सगळं पश्चिमेकडे.

---

जुनी_पेठ

अहो, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात! त्या वेळी कचरा गोळा करत होतं तोक्यो-तो. वॉर्डाच्या हातात फक्त ट्रकपुढे उभं राहणं होतं. अधिकार असता तर उभं राहावं लागलं असतं का?

आणि भांडण तिथेच संपलं नाही. त्याच कचऱ्यातून समुद्रात नवी जमीन तयार झाली, ती कुणाची यावर कोतो आणि ओता कोर्टात गेले. कोतोचं म्हणणं, कचरा आम्ही सोसला, सगळी आमची. ओता म्हणे, तिथे आमच्या कोळ्यांचं नोरीचं (खायच्या समुद्री शेवाळाचं) पाणी होतं. २०१९ च्या निकालात कोतोला ७९.३ टक्के, ओताला २०.७. ओताने आपल्या तुकड्याचं नाव 'रेइवाजिमा' ठेवलं. एका शहराचे दोन वॉर्ड समुद्रातल्या कचऱ्यासाठी कोर्टात, यापेक्षा मोठा पुरावा काय द्यायचा?

---

फणसगरे

पुरावा कसला, ही तर निरोगीपणाची खूण. भांडायला कोर्टात जाता येतं म्हणजे स्वतंत्र अस्तित्व आहे. आपल्या मुंबईत एच वेस्ट आणि के वेस्ट जमिनीसाठी कोर्टात जातील का? ते वॉर्ड फक्त आयुक्तांच्या हाताखालची ऑफिसं. २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली तसा प्रशासक आला, वॉर्ड पातळीवर विचारायला कुणी उरलं नाही. टोकियोत २३ सभा एकदम गायब करणं कुणाला जमणार नाही.

आणि १९४३ निव्वळ तोजोची लहर होती हेही खरं नाही. १९४० मध्ये टोकियो प्रांताची वस्ती ७३ लाख, त्यातले ६७ लाख शहरातच. एकाच माणसांवर दोन सरकारं. दोन्हीचं एक करा, ही मागणी शहरातूनच कितीतरी वर्षं होत होती.

---

आडवा_प्रश्न

मागणी होती, पण निवडून आलेल्या प्रमुखासह. गृहमंत्रालयाला नेमलेला हवा होता, म्हणून अडून राहिलं. युद्धात मंत्रालयाने आपलंच खरं केलं. हा फरक छोटा नाही, फणसगरे.

---

हिशेबनीस

सगळे अधिकाराबद्दल बोलताय, पैशाबद्दल कुणीच नाही.

टोकियोत राहणाऱ्याला जूनमध्ये रहिवासी कराचा कागद येतो. उत्पन्नाच्या १० टक्के, त्यातले ६ वॉर्डाचे, ४ तोक्यो-तोचे. इथवर ठीक. पण घरपट्टी? जपानभर ती गावाची किंवा शहराची असते. फक्त या २३ वॉर्डांत ती तोक्यो-तो घेतं. कंपन्यांच्या रहिवासी करातला शहराचा वाटाही तेच घेतं. मग या पैशातला ५५ टक्क्यांच्या आसपास भाग वॉर्डांत वाटायचा, बाकीचा स्वतःकडे, कारण पाणी-गटार-अग्निशमन आपण करतो. तो आकडा ५२ चा ५५ करायला वॉर्डांना किती वर्षं घासाघीस करावी लागली, ते बघा. महापालिका मेली, तिची तिजोरी मात्र तोक्यो-तोने किल्लीसकट ठेवून घेतली.

---

जुनी_पेठ

हेच! आणि म्हणूनच ओसाकाकरांनी काय केलं ते सांगायचं राहिलं होतं. ओसाका महापालिका मोडून टोकियोसारखे वॉर्ड करायचे, असा प्रस्ताव दोनदा लोकांपुढे गेला. २०१५ मध्ये पाच वॉर्ड, २०२० मध्ये चार. दोन्ही वेळा लोक 'नको' म्हणाले. टोकियोकरांना १९४३ मध्ये कुणी विचारलंच नाही.

---

निशिकासाईकर

२०१५ मध्ये फरक किती, सुमारे ११ हजार मतांचा. २०२० मध्ये १७ हजारांचा. दोन्ही वेळा एकूण मतं तेरा-चौदा लाख. याला 'लोक नको म्हणाले' म्हणायचं असेल तर म्हणा. निम्मे 'हवं' म्हणत होते.

आता सरळ उत्तर द्या. उद्या तुमच्या हाती दिलं तर टोकियो महापालिका परत आणाल?

---

जुनी_पेठ

विचार करून लिहितोय. नाही. ९७ लाखांची एक महापालिका आता मलाही नको. तुमचा पुराणिकांचा मुद्दा डोक्यातून जात नाहीये, हे कबूल. पण मग वॉर्डाला गाव म्हणायचं तर गावासारखं वागवा. घरपट्टी त्यांची त्यांना द्या, कंपन्यांचा करही. वाटणीची भीक कशाला?

---

हिशेबनीस

आणि मग? मधल्या चियोदा वॉर्डाची रात्रीची वस्ती ६६-६७ हजार, मारुनोउची या ऑफिसांच्या भागातल्या सगळ्या बड्या कंपन्या तिथे. दिवसा आठ-नऊ लाख लोक तिथे काम करायला येतात आणि संध्याकाळी आदाची, कात्सुशिका, एदोगावाला परत जातात. त्यांची मुलं आदाचीच्या शाळेत, म्हातारे आदाचीच्या दवाखान्यात. कर चियोदाला. जुनी_पेठ, तुमच्या योजनेत चियोदा प्रत्येक रहिवाशाला मोटार देईल आणि आदाची शाळेचं छप्पर गळतंय म्हणून बादली लावेल. ही वाटणी कुणीतरी करायलाच हवी. कोण करणार, ते सांगा, मग पुढे बोलू.