घराच्या भिंती आणि फरशी: सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

जुळे सोलापुरात दोन बेडरूमचा फ्लॅट घेतलाय. फरशी अजून बसायची आहे, भिंतींचंही आमच्यावर सोडलंय. चार दुकानं फिरले, सगळीकडे तेच. हॉलमध्ये दोन बाय चारची ग्लॉसी टाइल, टीव्हीच्या मागे फ्लुटेड, म्हणजे उभ्या खाचांचं पॅनल, बेडरूमच्या एका भिंतीला पानाफुलांचा वॉलपेपर. मोबाइलवरही हेच दिसतं, पण मोबाइलवरच्या घरांत मे महिना येत नाही आणि बोअरचं पाणीही येत नाही. दोन उन्हाळे काढलेल्यांनी लिहा. पस्तावा असेल तर आधी तो लिहा.

होटगीरोडकर
पस्ताव्यापासूनच सुरू करतो. 2022 मध्ये पांढऱ्या, शिरांच्या, दोन बाय चारच्या व्हिट्रिफाइड टाइली घेतल्या. हॉल एकसंध दिसायला हवा म्हणून गौंड्याला मीच सांगितलं, सांधा दिसता कामा नये. त्यानं टाइलला टाइल भिडवली. मधे फट राखणारे स्पेसर नाहीत, खाली नेहमीचा सिमेंटचा माल.

गेल्या मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास टायर फुटल्यासारखा आवाज झाला. मी स्वयंपाकघरात कुकर बघायला धावलो. इकडे हॉलच्या मधोमध दोन टाइली एकमेकींना टेकून उभ्या, तंबूसारख्या! शेजारच्या सहा टिचकी मारली की ढबढब वाजायच्या. दुसऱ्या गौंड्यानं एक उचलून उलटी करून दाखवली. पाठ कोरी करकरीत, सिमेंटचा कण नाही. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी पीत नाही, म्हणून नुसतं सिमेंट तिला धरत नाही, अॅडेसिव्ह लागतं. त्यात उन्हानं फरशी जराशी वाढते. तिला सरकायला जागा नसली की ती वर उठते.

आता 2 मिलिमीटरचे सांधे ठेवलेत, भिंतीकडेला स्कर्टिंगखाली फट ठेवलीय आणि सांध्यांत भरायचं ग्राउट इपॉक्सीचं. सांधे दिसतात, दिसू देत. पण शिरांचा तो लॉट परत मिळाला नाही. मधल्या आठ टाइली सरळ सरळ सावत्र दिसतात, त्यावर सतरंजी टाकलीय. दोन पेट्या जास्तीच्या घेऊन माळ्यावर टाका.

पूर्वभाग
आमच्याकडं साखर पेठेत खाली माग, वर बिऱ्हाड, आणि सगळीकडं शहाबादी दगडाची फरशी. उन्हाळ्यात नायनम्मा, म्हणजे आजी, दुपारी फरशीवर पाणी मारायची, कापडानं पुसायची आणि नुसती उशी घेऊन आडवी व्हायची. बाहेर त्रेचाळीस असलं तरी तिला पंखा चालायचा नाही.

जुनं घर पाडलं तेव्हा भाऊ म्हणाले टाइल. मी म्हणलं दगड फेकायचा नाही. कडा मशिनवर कापून घेतल्या, हॉलमध्ये बसवल्या आणि पॉलिश मारलं. पावसाळी ढगाचा रंग येतो त्याला. लोक अजून शहाबादी म्हणलं की धुण्याचा दगड समजतात. खरं तर तो येतो कलबुर्गीच्या पुढून, आपल्याच रेल्वेमार्गावरून. इतका जवळचा दगड सोडून लोक गुजरातेतल्या मोरबीहून टाइल मागवतात.

एक मात्र ध्यानात ठेवा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या आधीच्या साफसफाईत चुलतीनं कोपऱ्यात अॅसिड ओतलं. फसफसून फेस आला, पुसल्यावर तिथं खरखरीत पांढरा डाग उरला, अजून आहे. चुनखडीचा दगड तो, अॅसिड त्याला खातं. मोझेकलाही तेच, त्यात संगमरवराची खडी असते. आणि तेल सांडलं तर लगेच पुसा.

सातरस्ता
फ्लुटेड पॅनल. पीव्हीसीचे, अक्रोडी रंगाचे. पहिला महिना पाहुण्यांनी वाहवा केली. त्यानंतर त्या उभ्या खाचांत आपला फुफाटा बसायला लागला. कापडानं निघत नाही. मी दर रविवारी जुना टूथब्रश घेऊन बसते, नवरा मॅच बघतो. भिंत पश्चिमेची, त्यामुळे पहिल्याच उन्हाळ्यात दोन पट्ट्यांची डबल साइड टेप सुटली. त्या फटीतून पाल आत गेली आणि आता मागे तिचं कुटुंब आहे. रात्री टीव्ही बंद केला की चुकचुकतात. लावायचेच असतील तर पश्चिमेच्या भिंतीला नको, आणि टेपवर विसंबू नका, स्क्रूनं बसवून घ्या.

बोअरचं_पाणी
बाथरूमला काळी ग्लॉसी टाइल घेऊ नका. नळाला काही दिवसांआड पाणी, मधे बोअर. प्रत्येक थेंब पांढरा ठिपका ठेवून जातो. लिंबू, व्हिनेगर सगळं करून झालं. फिकी राखाडी मॅट घ्या, डाग पडतात पण दिसत नाहीत.

विजापूररोडकर
वॉलपेपरबद्दल. एका रोलमध्ये साधारण 57 चौरस फूट कागद येतो, पण नक्षी जुळवताना बराच वाया जातो. एक रोल वाढवून धरा. आम्ही बेडरूमच्या ज्या भिंतीला लावला तिच्या पलीकडे बाथरूम होतं. सोलापूर कोरडं म्हणून निर्धास्त होतो. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात. त्या महिन्यात खालून फुगे आले, ओढल्यावर कागदाच्या पाठीला भिंतीतल्या क्षाराची पांढरी पूड. आधी ओल बंद करायची, मग कागद. आता तिथं साधा चुना मारलाय, बोटभर नीळ घालून. दुकानात यालाच लाइमवॉश म्हणून किती पैसे घेतात ते विचारून बघा एकदा.

मागावरची
मी भिंतीला चादर लावलीय. हसा. मोराची, वडिलांनी स्वतः विणलेली. एका बाजूला शेंदरी मोर काळ्यावर, उलट्या बाजूला काळा मोर शेंदरीवर. वरून लाकडी पट्टी, खालून पट्टी. दिवाळीला उलटते, हॉल नवा होतो. धूळ बसली की धुते.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. पालीचं वाचून पॅनल रद्द. होटगीरोडकर, आजच गौंड्याला स्पेसर आणि अॅडेसिव्हचं बोलले. म्हणाला, "ठेवतो की ओ ताई, पण सांध्यात घाण बसती म्हणून नंतर भांडायला येऊ नका." पूर्वभाग, तुमच्याकडे थोडी शहाबादी उरलीय का? बाल्कनीपुरती हवी आहे.

पूर्वभाग
अकरा फरश्या आहेत, गच्चीवर. दोन टवके गेलेल्या. येऊन बघा, टेम्पो तुमचा.