'इमोशनल हुक'ला मराठीत काय म्हणावं?

धंतोलीवाली: नागपुरातल्या एका मासिकासाठी भाषांतर करतेय. विषय: मोबाइलवर फिरणाऱ्या कौटुंबिक सस्पेन्स कथा वाचकाला कशा धरून ठेवतात. 'इमोशनल हुक'पाशी गाडं अडलंय. 'भावनिक गळ' लिहिलं, तर संपादकांनी समासात विचारलं, "कोण कोणाला गळ घालतंय?" 'गळाला लावणे' म्हणावं तर लेखक लबाड नि वाचक बावळट ठरतो, आणि लेखाचा सूर तसा नाही.

महालातला जुना: 'उत्कंठा' आहे ना! उत् अधिक कंठ, म्हणजे मान उंचावून वाट बघणं. एवढा नेमका शब्द घरात असताना उसनवारी कशाला?

बर्डीवाला: काका, मान वर करून कोण वाचते आता? सारे खाली घालूनच वाचून राहिले.

प्रूफवाली: उत्कंठेने निम्मंच काम होतं. परवा सासूबाईंनी वाचून दाखवलेली कथा घ्या. सून पाहुण्यांसमोर म्हातारीला पंगतीतून उठवते. म्हातारी बोलत काहीच नाही, फक्त कनवटीची किल्ली चाचपते. 'पुढील भाग पहिल्या कमेंटमध्ये.' किल्ली कशाची, हे हवंच असतं. पण त्याआधी सुनेचा संताप आलेला असतो. सासू, सून, धाकटा दीर एवढं म्हटलं की ओळख करून द्यावी लागत नाही, अर्धी गोष्ट वाचकाने स्वतःच्या घरूनच आणलेली असते. एकदा बाजू घेतली की तो न्याय व्हायची वाट बघतो. म्हणून मला 'रहस्य'ही तोकडा वाटतो.

महालातला जुना: मग 'जीव टांगणीला लावणे'.

धंतोलीवाली: वाक्यात छान बसेल, पण मला मथळ्यात नाम हवंय. 'भावनिक टांगणी' म्हणजे गच्चीवर कपडे वाळत घातल्यासारखं वाटतं.

वडसेकर: आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाटक कोणी बघितलं नाही वाटते. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवसांत आमच्याकडे रातभर चालते. मोठा भाऊ लहान्याचं वावर लाटते, माय मधात उभी. आता ती तोंड उघडणार, तं नेमकं गाणं! लोकं शिव्या देतात, पण उठत कोणी नाही. आमची आजी म्हणे, "जीव लावून सोडला बाप्पा." 'जीव लावणं' घ्या.

प्रूफवाली: जीव लावणे म्हणजे माया करणे हो.

वडसेकर: तेच तं म्हणतो. माया लागल्याबिगर थंडीत पहाटेपर्यंत कोण बसते?

वाचनवेडा: मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं होतं की अर्धवट सुटलेलं काम पूर्ण झालेल्यापेक्षा जास्त लक्षात राहतं. त्या अवस्थेला 'रुखरुख' कसा वाटतो?

प्रूफवाली: रुखरुख राहून गेलेल्या गोष्टीची. पुढच्याची हुरहूर, फार तर धाकधूक.

बर्डीवाला: 'हुक'च ठेवा ना. ब्लाउजला हुक लावणाऱ्या शिंप्याला विचारा, तो शब्द कोणत्या भाषेतला म्हणून. मराठीच सांगीन.

महालातला जुना: असंच म्हणत बसलो असतो तर 'महापौर' आणि 'दिनांक' रुळलेच नसते. सावरकरांनी शब्द दिले, लोकांनी वापरले.

बर्डीवाला: अन् 'तारीख' कुठं गेली? कोर्टात अजून तेच मिळते, तारीख पे तारीख.

महालातला जुना: कोर्टाचं मराठी हा वेगळा विषय आहे, त्यावर मी स्वतंत्र लिहीन. इथे एवढंच सांगतो की टांगणी म्हणजे मुळात शिंकं. बोक्याच्या तोंडी लागू नये म्हणून दूध वर टांगायचं, तसा जीव.

प्रूफवाली: याला आधार काय? दाते-कर्व्यांच्या कोशात बघून मग लिहा.

धंतोलीवाली: मंडळी, अंक उद्या छपाईला जातोय. मथळ्याचं तेवढं बोला.

वडसेकर: शिंकं आमच्या घरी अजून आहे. त्याले टांगणी म्हणताना तं म्या कोणाले आयकलं नाही.

महालातला जुना: फोटो टाका बरं.