दृश्यसाक्षरता, दृक्‌साक्षरता की चित्रवाचन?

प्रश्न : भाषेच्या तासाला छायाचित्रं, जाहिराती, नकाशे समजून घ्यायला कसं शिकवावं, यावर एक टिपण लिहिते आहे. 'व्हिज्युअल लिटरसी'साठी कुठे 'दृश्य साक्षरता' दिसतं, कुठे 'दृक्‌साक्षरता'. आम्ही शिक्षक आपसात 'चित्रवाचन'च म्हणतो. नेमका शब्द कोणता घ्यावा?

प्रतिसाद : टिपणात 'दृश्यसाक्षरता' घ्या, पण जोडून लिहा. सुटं लिहिलं की 'दृश्य' विशेषण होतं आणि 'दिसणारी साक्षरता' असा भलताच अर्थ निघतो. जोडलं की सरळ षष्ठी तत्पुरुष : दृश्यांची साक्षरता. 'दृक्‌' म्हणजे नजर किंवा डोळा. 'दृक्‌श्राव्य'मुळे तो कानाला ओळखीचा आहे, पण इथे भर नजरेवर नसून समोरच्या दृश्यावर आहे.

'साक्षर' शब्दातच 'अक्षर' बसलंय, मग चित्राला साक्षरता कशी, ही शंका मी पूर्वी ऐकली आहे. ती मला पटत नाही. 'आर्थिक साक्षरता', 'संगणक साक्षरता' आपण सहज बोलतो. मूळ इंग्रजी शब्दही असाच ताणलेला आहे. कोडक कंपनीत काम करणाऱ्या जॉन डेब्स यांनी तो १९६०च्या दशकाच्या अखेरीस रूढ केला. अमेरिकेत १९९६ साली इंग्रजीच्या शिक्षकांची राष्ट्रीय परिषद आणि आंतरराष्ट्रीय वाचन संघटना यांनी मिळून भाषाशिक्षणाची मानकं काढली, तेव्हा श्रवण, भाषण, वाचन, लेखन यांच्या जोडीला 'पाहणे' आणि 'दृश्य रूपात मांडणे' यांनाही जागा मिळाली.

'चित्रवाचन' मला मनापासून आवडतो, वर्गात तोच वापरावा. फक्त त्याला एक जुनी सवय चिकटली आहे : हे झाड, ही गाय, हा मुलगा. ही नावं सांगण्याची रीत फार जुनी. चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसच्या १६५८ च्या सचित्र पाठ्यपुस्तकात चित्रातल्या वस्तूंना आकडे दिले आहेत आणि खाली त्याच आकड्यांसह लॅटिन व जर्मन मजकूर. शब्दसंग्रहाला उत्तम, पण वाचन त्याच्या पुढे सुरू होतं.

खरी गंमत 'दिसणे' या क्रियापदात आहे. मी वर्गात एक छायाचित्र लावलं होतं : खिडकीशी बसलेली मुलगी, पाठ आपल्याकडे, शेजारी रिकामी खुर्ची. "काय दिसतं?" विचारल्यावर पहिलं उत्तर आलं, "ती दुःखी दिसते." चेहरा तर चित्रात नव्हताच! पण मुलाचं मराठी चुकलं नव्हतं. 'खुर्ची दिसते' यातलं दिसणं डोळ्यांचं, 'दुःखी दिसते' यातलं दिसणं अंदाजाचं. मराठी दोन्हींना एकच क्रियापद देते. म्हणून मी फळ्यावर दोन रकाने आखले, 'दिसतं' आणि 'वाटतं', आणि प्रत्येक 'वाटतं'ला विचारलं, "कशावरून?"

मग खांदे पडलेले आहेत, असं एकीने सांगितलं. दुसरा म्हणाला, खुर्ची तिच्याकडे वळवलेली आहे, म्हणजे आत्ताच कुणीतरी उठून गेलंय. तिसऱ्याला ती कुणाची तरी वाट बघतेय असं वाटलं, आणि पुरावा तोच, खुर्ची. एकाच खुर्चीतून दोन गोष्टी निघाल्या, दोन्ही फळ्यावर राहिल्या. ॲबिगेल हाउसन आणि फिलिप येनावाइन यांच्या चित्रचर्चेच्या पद्धतीत तीन प्रश्न असतात : चित्रात काय चाललंय, असं म्हणण्यासारखं काय दिसतं, आणखी काय सापडतं. मधल्या लांब प्रश्नासाठी आपल्याकडे 'कशावरून' हा एकच शब्द तयार आहे. कवितेच्या ओळीलाही आपण हाच प्रश्न विचारतो, म्हणून हे काम चित्रकलेच्या तासाइतकंच भाषेच्या तासाचंही आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

प्रश्नकर्ती : मग सरळ 'निरीक्षण' का नको? आणि 'चित्रवर्णन'?

प्रतिसाद : निरीक्षण विज्ञानाच्या तासालाही होतं, पण हे छायाचित्र कुणी, कुणासाठी, कुठून काढलं, चौकटीबाहेर काय ठेवलं, हे त्यात येत नाही. जाहिरात वाचताना तर तेच आधी विचारावं लागतं. चित्रवर्णन हा लेखनप्रकार आहे. वाचन झाल्यावर मुलं ते लिहितील. त्या दिवशी माझ्या वर्गाने तेच केलं, आणि 'दुःखी' म्हणणाऱ्या मुलाने पहिलं वाक्य लिहिलं : "तिचा चेहरा आपल्याला दिसत नाही."