302 चा बंद फ्लॅट आणि भाववाढीची वाट (सोसायटी ग्रुप)

साने वहिनी, बी-202: सेक्रेटरी साहेब, 302 मधून परत पाणी उतरतंय. बेडरूमच्या छताला पोपडे धरलेत. यांनी गुंतवणूक म्हणून कुलूप लावायचं आणि भुर्दंड खालच्यांनी सोसायचा?

सेक्रेटरी, ए-501: वहिनी, टेरेसवरून 302 चा वॉल्व्ह बंद करायला लावलाय. फ्लश टँकच्या अँगल कॉकचा वॉशर गेला असणार. नळ महिनोन्महिने फिरला नाही की रबर कडक होऊन चिरतं. नहाणी ट्रॅपमधलं (मोरीच्या जाळीखालचं) पाणी आटतं ते वेगळंच, मग वास आणि झुरळं.

गोखले काका, सी-104: बंद फ्लॅटची एक किल्ली ऑफिसात ठेवायची, हा ठराव मंजूर आहे. अंमलबजावणी कुठे आहे?

पाटील, बी-302: वहिनी, माफ करा. प्लंबर पाठवतो, रंगाचा खर्चही देतो. पण भाड्याने का देत नाही म्हणून परत सुरू करू नका. बॅचलर ठेवले की याच ग्रुपवर बोंब होते. रेट चांगला आला की विकून मोकळा होणार आहे.

तन्मय, बी-601: आम्ही बॅचलर मेंटेनन्स वेळेवर भरतो. थकबाकीदारांची यादी लावा, त्यात कोण आहे बघू 🙂

सेक्रेटरी, ए-501: तन्मय, विषयाला धरून बोलूया.

कदम सीए, ए-303: पाटील साहेब, राग मानू नका, फक्त आकडे मांडतो. समजा फ्लॅट 55 लाखांत घेतला आणि 10 वर्षांनी 85 लाखांना गेला. ऐकायला 30 लाख फायदा. पण चक्रवाढीने वर्षाला साधारण साडेचार टक्के झाले. त्यातून खरेदीची स्टँप ड्युटी, 3,000 च्या हिशेबाने 10 वर्षांचा 3 लाख 60 हजार मेंटेनन्स आणि मालमत्ता कर वजा करा. एफडी बरी म्हणायची वेळ येते.

पाटील, बी-302: मग भाड्यात काय ठेवलंय? 22 हजारांत?

कदम सीए, ए-303: फार काही नाही, तेही सांगतो. वर्षाला 2,64,000. त्यातून मेंटेनन्स 36,000, मालमत्ता कर 16,000, एक महिना रिकामा 22,000, एजंट 11,000, रंग-दुरुस्ती 15,000. बरोब्बर लाखाची वजाबाकी. उरले 1,64,000, म्हणजे 85 लाखांवर दोन टक्क्यांच्या आत. त्यावर आयकर. हातात आलेल्या 11 महिन्यांच्या भाड्यातून मालमत्ता कर वजा, मग 30 टक्के सरसकट वजावट, उरलेलं करपात्र. 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सेस धरून साधारण 49,000 जातील. हातात साधारण 1 लाख 15 हजार.

शिंदे काकू, डी-201: एवढ्यासाठी भाडेकरूची कटकट कोण घेईल!

कदम सीए, ए-303: काकू, कुलूप लावून तर उलटे खिशातूनच जातात. मुद्दा कर्जाचा आहे. समजा हाच 85 लाखांचा फ्लॅट आज 60 लाख कर्ज काढून घेतला. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता साधारण 52,000. भाडं 22,000. दरमहा 30,000 घालून आपण फक्त भाव वाढेल यावर बसलोय. भाडेकरू आहे म्हणून ती नियमित उत्पन्नाची गुंतवणूक होत नाही, तो सट्टाच. फक्त दर महिन्याच्या हप्त्याचा. शिवाय नव्या कररचनेत घराचा तोटा पगारातून वजा करता येत नाही. जुन्यात येतो, तोही वर्षाला 2 लाखांपर्यंतच.

गोखले काका, सी-104: बंद फ्लॅटची किल्ली ऑफिसात ठेवायची, ठराव मंजूर आहे.

जगताप, डी-402: मंडळी, फ्लॅटच्या भानगडीत पडूच नका. पुरंदर विमानतळाजवळ गुंठेवारी प्लॉट, सात-बारावर नाव, 3 वर्षांत डबल 🙏 इच्छुकांनी पर्सनलवर यावं.

तन्मय, बी-601: विमान उतरेल तेव्हा आपण वर गेलेलो असू.

कदम सीए, ए-303: जगताप साहेब, 3 वर्षांत डबल म्हणजे वर्षाला 26 टक्के. गट नंबर सांगा. विमानतळासाठी वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव या सात गावांतली जमीन ठरली आहे. तुमचा गट अधिसूचनेत असेल तर प्लॉट नव्हे, संपादनाचा मोबदला विकत घेतोय. बाहेर असेल तर झोन दाखला आणि मंजूर लेआउट दाखवा. आणि सात-बारावर भोगवटादार वर्ग-2 असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री अडकते.

जगताप, डी-402: सात-बारा क्लिअर आहे हो.

कदम सीए, ए-303: सामाईक सात-बारावर दहा नावांत अकरावं नाव लागलं, तरी आपला गुंठा नेमका कुठला ते मोजणी आणि पोटहिस्सा झाल्याशिवाय नकाशावर दिसत नाही. त्या 1,089 चौरस फुटांवर बँक सहसा कर्ज देत नाही, पुढचा गिऱ्हाईकही तेच कागद मागतो. लेआउटची जमीन 500 चौरस मीटरच्या वर असेल तर महारेरा नंबर (प्रकल्पाची सरकारी नोंदणी) लागतो. तोही टाका.

जगताप, डी-402: *हा मेसेज डिलीट केला गेला*

शिंदे काकू, डी-201: 😂

पाटील, बी-302: कदम, समजा फॅमिलीला दिला. करार, पोलीस, सगळं कोण बघणार?

कदम सीए, ए-303: ऑनलाइन होतो. 11 महिने, 22,000 भाडं, 1 लाख डिपॉझिट, तर स्टँप साधारण 630 रुपये आणि नोंदणी फी 1,000. नोंदणी ही मालकाची जबाबदारी आहे, "नोटरी करून घेतलं" चालत नाही. नोंदलेला करार असला की मुदत संपून न हलणाऱ्याकडून दुप्पट शुल्क मागता येतं. पुणे पालिकेची स्वतः राहणाऱ्या घरमालकाला मिळणारी 40 टक्के सवलत घेत असाल तर ती मात्र जाईल. मालमत्ता कराच्या बिलात तो फरक धरा.

सेक्रेटरी, ए-501: आणि नॉन-ऑक्युपन्सी (भाड्याने दिलेल्या फ्लॅटवरचं सोसायटीचं जादा शुल्क) आपल्याकडे मेंटेनन्सच्या 10 टक्के.

कदम सीए, ए-303: साहेब, हेच चुकतंय. मर्यादा सेवाशुल्काच्या 10 टक्के आहे, पालिकेचा कर त्यात धरायचा नाही. सिंकिंग फंडही सेवाशुल्कात येत नाही. तुम्ही अख्ख्या बिलावर लावता.

तन्मय, बी-601: आमच्या मालकाला हे फॉरवर्ड करू का? 😇

सेक्रेटरी, ए-501: कदम साहेब, इतकं माहीत आहे तर खजिनदार व्हायला का नाही म्हणालात?

कदम सीए, ए-303: विषय बदलू नका.

गोखले काका, सी-104: किल्ली. ठराव. अंमलबजावणी.

सेक्रेटरी, ए-501: नॉन-ऑक्युपन्सीचा विषय रविवारी 10 वाजता मीटिंगमध्ये घेऊ. क्लब हाउस.

शिंदे काकू, डी-201: 10 ला पाणी येतं. 11 ला ठेवा.