बायबल रोज वाचताना टिपा हव्यात की नकोत?

सावकाश
वर्षभरात बायबल पूर्ण करायचं म्हणून दोनदा सुरुवात केली. 66 पुस्तकं, 1189 अध्याय, म्हणजे रोज तीन-चार. माझ्या आवृत्तीत प्रत्येक अध्यायाच्या डोक्यावर चार ओळींची टीप आहे. उत्पत्ति आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तकं मिळून 90 अध्याय, त्यामुळे जानेवारी संपता संपता तिसरं, लेवीय येतं आणि होमार्पणं, कोड, शुद्ध-अशुद्ध यांत गाडी रुतते. दोन्ही वेळा मी टीप वाचून अध्यायावरून नुसती नजर फिरवू लागलो होतो. माझं मत : टिपा बंद, रोज एकच अध्याय. सव्वातीन वर्षं लागली तर लागू देत.

काठावरची
नेमकं लेवीयातच टीप नको? 19 व्या अध्यायात नियम आहे : शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नका, सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसं, गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. पुढे परदेशी विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते, ती या नियमामुळेच. तुमच्या चालीने लेवीयापासून तिथवर पोचायला चार महिने लागतील. तोवर लेवीय कोणाला आठवतंय? एका ओळीच्या टिपेने दुवा लागतो.

जुनं_पान
टीप फक्त दुवे देते, हा भाबडेपणा झाला. 1560 च्या जिनिव्हा बायबल या इंग्रजी भाषांतरात निर्गम 1:19 शेजारी समासात लिहिलं होतं की सुइणींनी मुलगे मारण्याची इजिप्तच्या राजाची आज्ञा मोडली ते योग्यच केलं. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याला ते चांगलंच झोंबलं. त्याने करवून घेतलेल्या 1611 च्या भाषांतरात अशा टिपांना जागाच दिली नाही, शब्दांचे पर्याय आणि इतर वचनांचे संदर्भ तेवढे राहिले. टीप लिहिणारा आपलं राजकारणही सोबत आणतो.

काठावरची
म्हणजे तुम्ही राजाच्या बाजूने! अहो, खुद्द ग्रंथातच टिपा आहेत. रूथ 4:7 बघा. व्यवहार पक्का करताना जोडा काढून द्यायची जुनी रीत होती, हे लेखक गोष्ट थांबवून सांगतो. मार्कच्या 7 व्या अध्यायात परूश्यांच्या (कर्मठ यहूदी पंथाच्या) हात धुण्याचंही तसंच.

जुनं_पान
ती लेखकाची टीप. प्रकाशकाची नव्हे.

सावकाश
सरव्याचं पटलं, मला तो संबंध लागलाच नव्हता. पण टीप अध्यायानंतरच. सध्या ती पोस्टकार्डाने झाकून वाचतोय. गणना या पुस्तकातल्या शिरगणतीच्या याद्यांपाशी मात्र पोस्टकार्ड आपोआप सरकतं.